पाळक नसतानाचे महिने: छोट्या प्रेसबिटेरियन मंडळीने काय, कोणत्या क्रमाने करावं

पाळकसाहेबांचं सामान टेम्पोत चढतं आणि त्याच संध्याकाळी चर्चच्या ओट्यावर एकच विषय निघतो: "आता कोणाला आणायचं?" कोणाचा साडू नगरकडे सेवेत असतो, कोणाला नाताळात ऐकलेला एखादा तरुण प्रचारक आठवतो. आठवडाभरात मंडळीत दोन नावं होतात आणि दोन गट होतात.

पाळक शोधणं हे या काळातलं जवळजवळ शेवटचं काम आहे. त्याआधीची कामं राहिली तर जमलेलं लग्न अडतं, बँक चेक परत करते आणि खाटेवर पडलेली आजी सहा महिने प्रभुभोजनावाचून, म्हणजे भाकर-प्याल्याच्या विधीवाचून राहते. मी जालन्याच्या बाजूच्या चाळीसेक कुटुंबांच्या मंडळीत वडील मंडळाचा चिटणीस आहे. वडील म्हणजे पाळकाबरोबर मंडळीचा कारभार पाहणारे ज्येष्ठ सभासद. पाळक नसण्याचे दोन काळ मी त्या जागेवरून पाहिले, एक चौदा महिन्यांचा आणि एक सात महिन्यांचा. माणसं तीच होती. फरक होता कामांच्या क्रमाचा.

आधी एक गोष्ट तपासा. तुमची मंडळी कोणत्या व्यवस्थेखाली आहे? १९७० साली नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा प्रेसबिटेरियन वळणाच्या अनेक मंडळ्या त्यात गेल्या. उपासनेचं वळण जुनंच राहिलं तरी तिथे पाळकाची नेमणूक बिशप करतात आणि स्थानिक कारभार पास्टोरेट कमिटी पाहते. अशा मंडळीला खालचे टप्पे ३ ते ५ उपयोगी पडतील, शोधाचे आणि मतदानाचे टप्पे लागू होणार नाहीत. प्रेसबिटरीखालच्या, म्हणजे भागातल्या मंडळ्यांवर देखरेख करणाऱ्या पाळक-वडिलांच्या सभेखालच्या, मंडळीने सगळे टप्पे घ्यावेत. दोघांनीही आपली नियमावली कपाटातून काढून टेबलावर ठेवावी. आमच्याकडे ती कोणाकडे आहे हे शोधण्यातच पहिल्या वेळी तीन आठवडे गेले.

टप्पा १: पाळक जाण्याआधीचा महिना

निरोप समारंभाची तयारी महिला संघ आणि तरुण संघ करतील. वडिलांनी दुसरं काम करायचं, ते म्हणजे ताबा घेणं.

पाळकसाहेब अजून घरात असताना, दोन वडील आणि खजिनदार यांनी एका दुपारी बसून यादी करावी. बाप्तिस्मा, दृढीकरण, लग्न आणि दफन यांच्या नोंदवह्या. सभासदांची नोंदवही. वडील मंडळाच्या सभांचं इतिवृत्त. ट्रस्टची कागदपत्रं, सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, वीजबिलं, घरपट्टीच्या पावत्या. प्रभुभोजनाची भांडी. चर्च, कपाट, दानपेटी आणि पाळकांच्या बंगल्याच्या किल्ल्या. प्रत्येक नोंदवहीत शेवटची नोंद कोणत्या तारखेची आणि कितव्या पानावर आहे ते लिहा आणि खाली दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या.

मग एक प्रश्न आवर्जून विचारा: नोंदवायचं काही राहिलंय का? राहिलेलं असतंच. शेतावर झालेला एखादा बाप्तिस्मा, घाईत लागलेलं एखादं लग्न. ते आता लिहून घेतलं नाही तर दहा वर्षांनी कुणाला दाखला लागेल तेव्हा त्या पाळकाला कोणत्या गावी शोधणार?

पाळकांचं येणं-देणं याच आठवड्यात मिटवा. राहिलेला पगार, प्रवासखर्च, त्यांनी पदरचे घातलेले पैसे. माणूस मंडळीकडून रिकाम्या हाताने गेला तर पुढे येणाऱ्याच्या कानावर ते आधी जातं.

*सावध राहा:* बंगला रिकामा झाला म्हणून "तात्पुरता" कुणाला राहायला देऊ नका, वडिलांच्या नातेवाइकालाही नाही. नवा पाळक यायची वेळ येते तेव्हा तो तात्पुरता माणूस हलत नाही. आठवड्यातून एकदा दारं-खिडक्या उघडा, टाकीत पाणी ठेवा, वाळवी लागली आहे का पाहा.

टप्पा २: हंगामी मॉडरेटर आधी, बाकी सगळं नंतर

प्रेसबिटेरियन पद्धतीत वडील मंडळ म्हणजे सेशन, आणि सेशनचा अध्यक्ष असतो पाळक. पाळक गेला की खुर्ची रिकामी होते. ज्येष्ठ वडिलांनी आपण होऊन त्या खुर्चीत बसायचं नसतं. प्रेसबिटरी जवळच्या एखाद्या दीक्षित (रीतसर दीक्षा झालेल्या) पाळकाला हंगामी मॉडरेटर, म्हणजे तात्पुरता अध्यक्ष, नेमते, आणि तो येईपर्यंत सेशनची नियमित सभा भरत नाही.

म्हणून पाळकांचा राजीनामा किंवा बदली मंजूर झाल्याचं कळताच चिटणिसाने प्रेसबिटरीच्या चिटणिसांना पत्र लिहावं. तीन गोष्टी मागाव्यात: व्यासपीठ (म्हणजे पाळकपद) रिकामं झाल्याची रीतसर घोषणा, मॉडरेटरची नेमणूक आणि नेमणुकीचं लेखी पत्र. फोनवर "हो, बघतो" एवढ्यावर थांबू नका. ते पत्र पुढे बँकेतही लागतं.

मॉडरेटरची स्वतःची मंडळी असते. त्यांना दर आठवड्याला बोलावणं रास्त नाही. पहिल्याच भेटीत ठरवून घ्या: महिन्यातून किती वेळा येणार, कोणता निर्णय त्यांच्याशिवाय घ्यायचा नाही, रात्री-अपरात्री मृत्यूची बातमी आली तर फोन कोणाला करायचा. हे इतिवृत्तात लिहा.

*तपासा:* पाळक गेल्यापासून मॉडरेटर येईपर्यंत वडिलांनी आपसात घेतलेले निर्णय पहिल्या सभेत मॉडरेटरपुढे मांडून कायम करून घेतलेत का? आम्ही पहिल्या वेळी घेतले नाहीत. वर्षभराने एका जुन्या खर्चावरून भांडण उभं राहिलं, तेव्हा दाखवायला ठराव नव्हता.

टप्पा ३: ट्रस्ट आणि बँक

हा टप्पा सगळ्यांना कंटाळवाणा वाटतो, म्हणून सगळ्यात जास्त चुकतो.

चर्चची मिळकत महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेली असेल आणि पाळक पदसिद्ध विश्वस्त किंवा अध्यक्ष असतील, तर त्यांचं जाणं हा नोंदीतला बदल आहे. कलम २२ प्रमाणे त्याचा चेंज रिपोर्ट बदलाच्या तारखेपासून ९० दिवसांत सहायक किंवा उप धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात द्यावा लागतो. राजीनाम्याची किंवा बदलीच्या आदेशाची नक्कल, सभेची नोटीस, ठराव आणि नवीन विश्वस्त घेतला असल्यास त्याचं संमतिपत्र जोडा. उशीर झाला तर विलंबमाफीचा वेगळा अर्ज करावा लागतो आणि चकरा वाढतात. दोन-तीन पाळकांचे बदल साचून राहिलेल्या मंडळ्या मी पाहिल्या आहेत. तिथे कागदावरचा अध्यक्ष कधीच वारलेला असतो, आणि मोजणीला किंवा भूसंपादनाच्या मोबदल्याला सही करायला माणूस मिळत नाही.

बँकेत सहीदार बदलण्याचा ठराव मॉडरेटरच्या अध्यक्षतेखाली करा. जुनी सही काढणं आणि नवी घालणं एकाच ठरावात असू द्या. सह्या तीन जणांच्या ठेवा, पैसे काढायला कोणत्याही दोघांच्या पुरेत. सहीदारांत नवरा-बायको किंवा बाप-लेक एकत्र नकोत. आपल्या गावात हे बोलायला जड जातं, पण मॉडरेटरने बोललं तर कुणाला लागत नाही.

रविवारचं दान दोघांनी मोजायचं, वहीत लिहून दोघांनी सह्या करायच्या, सोमवारी बँकेत भरायचं. पाळक नसताना दान घटतं. "पगार नाही तर खर्च काय?" असं लोक म्हणतात. पाळकाच्या पगाराइतकी रक्कम दरमहा वेगळी ठेवण्याचा ठराव करा आणि चर्चमध्ये वाचून दाखवा. येणाऱ्या पाळकाचा सामान हलवण्याचा खर्च, बंगल्याची रंगरंगोटी आणि पाहुण्या प्रचारकांचं मानधन त्यातूनच निघतं.

*सावध राहा:* या काळात जमिनीचे सौदे घेऊन लोक येतात. रस्त्याकडेच्या चर्चच्या जागेवर गाळे काढून देतो, भाडं महिन्याच्या महिन्याला मिळेल. ट्रस्टची जागा विकणं, गहाण ठेवणं, किंवा इमारत आणि बिगरशेती जागा तीन वर्षांपेक्षा जास्त, शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाडेपट्ट्याने देणं, यांना कलम ३६ आणि ३६अ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. पाळक नसताना असा विषय सभेपुढे घेऊच नका. परदेशातून कोणी मदत पाठवतो म्हटलं, तर विदेशी अंशदान कायद्याखाली आपली नोंदणी नसेल तर ते पैसे ना ट्रस्टच्या खात्यात घ्यायचे, ना कुणा वडिलांच्या.

टप्पा ४: तेरा रविवारांचा तक्ता

"या रविवारी कोण?" हा प्रश्न शनिवारी रात्री पडायला नको. तीन महिन्यांचे तेरा रविवार एका कागदावर मांडा. चर्चच्या दाराशी लावा.

प्रत्येक रविवारी बाहेरचा वक्ता हवा हा हट्ट सोडा. आमचा सात महिन्यांचा तक्ता साधारण असा होता: महिन्यातला एक रविवार मॉडरेटर किंवा दुसरा दीक्षित पाळक आणि त्याच दिवशी प्रभुभोजन. एक रविवार बाहेरचे प्रचारक. बाकीचे दोन-तीन आमचे वडील.

दीक्षित पाळकांची सकाळ त्यांच्या मंडळीत जाते. म्हणून प्रभुभोजनाच्या रविवारी आपली उपासना संध्याकाळी घ्या. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली चार वाजता बसवत नाही, सहाची वेळ ठेवा आणि त्यांच्या परतीच्या एसटीची वेळ आधी विचारा. शेवटची गाडी चुकणार असेल तर सोडायला मोटारसायकल कोणाची, हेही तक्त्यातच लिहा.

पाहुण्याला तारखेबरोबर शास्त्रपाठ कळवा. हे नाही केलं तर जो तो आपला हातखंडा संदेश घेऊन येतो. पहिल्या वेळी आमच्या मंडळीने उधळ्या पुत्राचा दाखला (येशूची बोधकथा) चार वेळा ऐकला आणि वर्षभरात जुना करार जवळपास उघडलाच नाही. दुसऱ्या वेळी मार्ककृत शुभवर्तमानाचे सोळा अध्याय ओळीने घेतले. कोणीही बोलायला उभा राहिला तरी धागा तुटत नव्हता. रविवारच्या शाळेच्या मुलांनाही पुढच्या आठवड्यात काय आहे ते ठाऊक असायचं.

मानधन आणि प्रवासखर्च सगळ्यांना सारखा, सेशनने आधी ठरवलेला. पाकीट खजिनदाराने द्यायचं, व्हाउचरवर सही घ्यायची. जेवण पाळीने.

वडिलांनी उपासना चालवताना दोन मर्यादा पाळाव्यात. स्वतःला संदेश तयार करता येत नसेल तर मॉडरेटरने निवडून दिलेला लिखित संदेश नीट, मोठ्याने, आधी दोनदा वाचून बघून वाचावा. त्यात कमीपणा नाही. जुळवाजुळव करून चाळीस मिनिटं बोलण्यापेक्षा लोकांना त्यातून जास्त मिळतं. दुसरं, शेवटी हात उंचावून आशीर्वाद देणं हे दीक्षित पाळकाचं काम. वडिलांनी "प्रभू येशू ख्रिस्ताची कृपा" ही प्रार्थना म्हणताना "तुम्हां सर्वांबरोबर" न म्हणता "आपणां सर्वांबरोबर" म्हणावं, म्हणजे स्वतःलाही त्यात धरावं. म्हाताऱ्या माणसांचं याकडे बरोबर लक्ष असतं.

टप्पा ५: संस्कार, लग्न आणि माती

इथे चूक झाली तर ती साध्या दिलगिरीने भरून निघत नाही.

*प्रभुभोजन आणि बाप्तिस्मा.* प्रेसबिटेरियन मंडळ्या मानतात त्या वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकाराचा २७ वा अध्याय स्पष्ट सांगतो: हे दोन्ही संस्कार रीतसर दीक्षा झालेल्या सेवकानेच द्यायचे. वडील भाकर-प्याला वाटायला मदत करतात, विधी चालवत नाहीत. बाळ आजारी आहे म्हणून आई-बाप घाबरे होऊन रात्री येतात, तेव्हा वडिलांनी जाऊन प्रार्थना करावी, मॉडरेटरना फोन लावून द्यावा, आणि बाप्तिस्मा राहिला म्हणून लेकरू देवाच्या कृपेबाहेर जात नाही हे त्यांच्याजवळ बसून सांगावं.

*लग्न.* भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा, १८७२ प्रमाणे लग्न लावण्याचा अधिकार त्या कायद्यात बसणाऱ्या किंवा त्याखाली परवाना मिळालेल्या सेवकालाच आहे. अधिकार नसताना लग्न लावलं तर कलम ६८ खाली दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. "आमच्या वडिलांनी प्रार्थना करून लावून दिलं" हे लग्न वर-वधूला पासपोर्ट, वारसा, नोकरी अशा प्रत्येक ठिकाणी नडतं.

त्यामुळे घरात सोयरीक जमल्याचं कानावर येताच चिटणिसाने त्या कुटुंबाला भेटावं. क्रम असा: आधी परवानाधारक पाळकाची तारीख, मग नोटीस, मग हॉल आणि मंडप. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. पत्रिका छापून येते आणि मग पाळक शोधतात. नोटीस चर्चमध्ये दिसेल अशा जागी लावायची असते. पाळकांनी दिलेल्या प्रमाणपत्रापासून दोन महिन्यांत लग्न लागलं नाही तर नोटिशीपासून पुन्हा सुरुवात करावी लागते. विधीची वेळ सकाळी ६ ते संध्याकाळी ७. वरात रेंगाळली की ही वेळ हातची जाते, म्हणून नवरदेवाकडच्या वडीलधाऱ्यांना आठ दिवस आधीच बजावा. दोन साक्षीदार आणि दोघांच्या वयाचे पुरावे आदल्या दिवशी तपासा. नोंद कोणाच्या नोंदवहीत होणार, तुमच्या मंडळीच्या की आलेल्या पाळकांच्या, हे आधी ठरवा. नाहीतर ती दोन्हीकडे राहून जाते.

*माती.* दफनविधी वडील चालवू शकतात, आणि उन्हाळ्यात बाहेरच्या पाळकाची वाट पाहायला वेळही नसतो. दोन वडिलांनी विधीचा क्रम मॉडरेटरकडून शिकून घ्यावा, शास्त्रपाठ एका वहीत उतरवून ती वही घरी ठेवावी. कबर खणणारे कोण, पेटी कुठे मिळते, पावसाळ्यात काळी माती ढासळते तेव्हा फळ्या कुठून आणायच्या, हे आधी लिहून ठेवा. मृत्यूची नोंद २१ दिवसांत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत होते आहे का पाहा. मंडळीच्या दफन नोंदवहीत त्याच संध्याकाळी लिहा.

*सावध राहा:* गेलेल्या पाळकसाहेबांना लोक लग्नाला, मातीला, बारशाला परस्पर बोलावतात. माया असते, त्यांनी ती लेकरं कडेवर घेतलेली असतात. तरी बोलावणं मॉडरेटरच्या मार्फतच जायला हवं. जुने पाळक दर महिन्याला येत राहिले तर नव्या पाळकाला मंडळीत जागाच मिळत नाही.

टप्पा ६: घरभेटी वाटून घ्या

प्रत्येक वडिलाकडे सात-आठ घरं. महिन्यातून एक भेट, पंधरा-वीस मिनिटं, एक स्तोत्र आणि प्रार्थना. खाटेला खिळलेल्यांची यादी वेगळी, आणि प्रभुभोजनाच्या दिवशी मॉडरेटरना त्यातल्या निदान दोन घरी घेऊन जायचंच. वाड्या-तांड्यावरची घरं सगळ्यांच्या शेवटी राहतात, म्हणून ती यादीत वर लिहा.

मंडळी विस्कटते ती इथेच. उपासना चुकली तर लोक समजून घेतात. दवाखान्यात कोणी फिरकलं नाही हे मात्र विसरत नाहीत, आणि शेजारच्या दुसऱ्या प्रार्थनागृहात जाऊ लागतात.

टप्पा ७: आता शोध

मॉडरेटर आले, कागद झाले, तक्ता लागला, भेटी सुरू झाल्या. यात दोन-अडीच महिने जातात. मग शोध समिती नेमा, पाच ते सात जणांची. त्यात स्त्रिया हव्यात, एक तरुण हवा, गावाबाहेरच्या वस्तीवरचा एक हवा. एका भावकीतले दोन नकोत.

समितीने आधी मंडळीचं खरं चित्र दोन पानांत लिहावं: प्रभुभोजनाचे सभासद किती, रविवारी प्रत्यक्ष येतात किती, दरमहा दान किती, पगार किती देऊ शकतो, बंगल्यात पाणी किती दिवसांआड येतं, पाळकाच्या मुलांना शाळा किती लांब. आकडे फुगवू नका. फुगवलेल्या आकड्यावर आलेला पाळक दुसऱ्या वर्षी बदली मागतो.

नावं प्रेसबिटरीच्या मार्फत घ्या. एका वेळी एकाच उमेदवाराचा विचार करा. दोघांना ओळीने बोलावून "कोणाचा संदेश चांगला" अशी तुलना लोकांपुढे ठेवली की मंडळी दुभंगलीच समजा. समितीतल्या दोघा-तिघांनी उमेदवाराला त्याच्या सध्याच्या मंडळीत जाऊन ऐकावं आणि तिथल्या वडिलांशी बोलावं. समितीतलं बोलणं व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर जाता कामा नये, आणि हे पहिल्या बैठकीत प्रत्येकाकडून कबूल करून घ्या.

टप्पा ८: मंडळीची सभा

सभेचा दिवस ठरवताना कॅलेंडरआधी ऊसतोडीचा हंगाम पाहा. पहिल्या वेळी आम्ही जानेवारीत सभा घेतली. तेव्हा आमची अकरा कुटुंबं कारखान्यांवर होती. गणसंख्या नियमाने भरली, पाचारण (पाळकाला रीतसर बोलावण्याचा ठराव) एकमताने झालं. पाडव्याच्या सुमारास ती कुटुंबं परतली आणि म्हणाली, "आम्हाला कोणी विचारलं?" नियमात आमचं काही चुकलं नव्हतं, पण त्यांचं म्हणणं खरं होतं. आलेला पाळक चांगला होता. तो त्या घरांत शेवटपर्यंत पाहुणाच राहिला आणि दीड वर्षात गेला. तेव्हापासून आम्ही अशी सभा एकतर दसऱ्याआधी घेतो किंवा लोक परतल्यावर.

घोषणा नियमावलीत असेल तितके रविवार व्यासपीठावरून करा. मतदार यादी सेशनने आधी तपासून दाराशी लावा, हरकती सभेआधी मिटवा. अध्यक्ष मॉडरेटरच. मत चिठ्ठीवर, हात वर करून नाही. सासऱ्यासमोर सुनेने हात कसा वर करायचा?

ठरावाबरोबर पगार, घर, वीज-पाणी, प्रवासखर्च, रजा हे सगळं लेखी मंजूर करा आणि पाचारणपत्रात घाला. विरोधी मतं किती पडली हे उमेदवाराला सांगा. तिसरा हिस्सा विरोधात असेल तर बहुमत आहे म्हणून रेटू नका, मॉडरेटरना प्रेसबिटरीचा सल्ला घेऊ द्या. पाचारण प्रेसबिटरीने मंजूर केल्यावरच पक्कं होतं. तोवर सत्काराचे फ्लेक्स छापायला टाकू नका.

टप्पा ९: पाळक आल्यावरचा पहिला आठवडा

बंगल्यात पाण्याची टाकी भरलेली, गॅस जोडलेला, दोन दिवसांचा किराणा. टप्पा १ मधली यादी पुन्हा काढा आणि उलट्या दिशेने सह्या करा. बँकेचा ठराव पुन्हा. नवे पाळक पदसिद्ध विश्वस्त होणार असतील तर चेंज रिपोर्टचे ९० दिवस त्यांच्या नेमणुकीच्या तारखेपासून पुन्हा मोजा. हंगामी मॉडरेटरांचा राहिलेला प्रवासखर्च द्या आणि प्रेसबिटरीला आभाराचं पत्र पाठवा.

मधल्या महिन्यांत कोणाच्या घरी काय घडलं त्याचं एक पान लिहून पाळकांच्या हातात द्या: कोण वारलं, कोणाचं लग्न झालं, कोण दवाखान्यात आहे, कोणाच्या घरी अबोला आहे. पहिल्या सोमवारी चिटणिसाने त्यांच्याबरोबर निघावं आणि खाटेवरच्या माणसांच्या घरांपासून सुरुवात करावी.